घरी बांधलेल्या ११७६ कंप्रेसरचा काटा कसा जुळवायचा

घरी बांधलेला कंप्रेसर, म्हणजे चढलेला आवाज आपोआप दाबणारं ध्वनिमुद्रणाचं यंत्र, पहिल्यांदा चालू होतो तेव्हा काम संपलं असंच वाटतं. दिवा लागतो, आवाज आत जातो नि बाहेर येतो, इनपुटचा नॉब पुढे नेला की गाणाऱ्याचा चढा सूर अंगावर न येता जागेवर राहतो. मग नजर मीटरवर जाते. आवाज दाबला जातोय हे कानाला कळतंय, पण काटा जागचा हलत नाही. किंवा काहीच चालू नसताना तो उणे तीनवर झुकून बसलाय. आतल्या सर्किटच्या पाटीवर दोन-तीन निळे प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून जुळवायचे छोटे रेझिस्टर, दिसत असतात, स्क्रू-ड्रायव्हर हातात असतोच. काटा शून्यावर येईपर्यंत समोर दिसेल तो प्रीसेट फिरवावा असं वाटतं.

तेवढं करू नका. मी पहिल्या कंप्रेसरच्या वेळी केलं होतं. काटा शून्यावर आला, गाताना हलायलाही लागला, मला बरं वाटलं. त्यावर एका भजनी मंडळाचं अख्खं ध्वनिमुद्रण केलं. मीटर चार डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीतल्या फरकाचं माप) दाखवत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पुढे नीट मोजलं तेव्हा प्रत्यक्षात नऊच्या आसपास आवाज दाबला जात होता. मुद्रण करतानाच दाबलेला आवाज नंतर मोकळा करता येत नाही. बुवांचा आवाज टिपेला चढतो तो क्षण त्या मुद्रणात सपाट झाला, तो कायमचाच. म्हणून आता हे काम मी ठरलेल्या क्रमानेच करतो, आणि तो क्रम पहिल्यांदा बांधणाऱ्यासाठी इथे सविस्तर लिहितो.

हा लेख ११७६ या नमुन्यावर बांधलेल्या कंप्रेसरबद्दल आहे. बिल पटनम यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९६७ साली हे यंत्र आणलं. आवाज दाबण्याचं काम त्यांनी व्हॉल्व्हऐवजी फेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरकडे दिलं. त्यामुळे यंत्र कमालीचं चपळ झालं: ॲटॅक, म्हणजे दाबायला लागणारा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंद; रिलीज, म्हणजे सोडायला लागणारा वेळ, ५० मिलिसेकंद ते १.१ सेकंद. पुढे त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या, आणि घरी बांधायच्या पाट्या त्यातल्याच एखाद्या आवृत्तीवरून काढलेल्या असतात. प्रीसेटची नावं नि क्रमांक पाटीगणिक बदलतात, म्हणून मी क्रमांक न देता प्रत्येकाचं काम सांगणार आहे. बांधणीचा कागद शेजारी ठेवा आणि काम ओळखून प्रीसेट शोधा.

काटा नेमकं काय सांगतो

पाणी भरलेल्या नळीला मध्येच एक तोटी बसवलीय असं समजा. तोटी उघडली की पाणी जमिनीत जातं, पुढे कमी पोचतं. फेट ही ती तोटी. आवाज मोठा झाला की यंत्र फेटच्या गेट नावाच्या पायाला दाबाचा इशारा देतं, म्हणजे व्होल्टेज देतं. फेट उघडतो, आवाजाचा काही भाग अर्थला जातो आणि पुढे कमी आवाज पोचतो.

मीटर मात्र हा आवाज पाहत नाही. जीआर म्हणजे गेन रिडक्शनच्या जागेवर स्विच असताना काट्यामागे दुसराच एक फेट काम करत असतो, पहिल्याचा जुळा. गेटचं तेच व्होल्टेज त्यालाही मिळतं. जुळा जितका उघडतो तितका काट्याचा प्रवाह कमी होतो. म्हणजे काटा सांगतो ते या जुळ्याचं वागणं, आणि थोरलाही तसाच वागत असणार असं आपण धरून चालतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. दोन्ही फेट खरोखर जुळे हवेत. आणि मीटरला हात लावण्याआधी आवाजाच्या वाटेवरचा थोरला फेट जागेवर बसवायला हवा. आधी मीटर जुळवून मग बायस, म्हणजे फेट मुळात किती उघडा ठेवायचा ते ठरवणारं व्होल्टेज, बदललात तर मीटरवरची सगळी मेहनत वाया जाते.

आणखी एक, कारण नवखा माणूस इथे हमखास घाबरतो. जीआरमध्ये काहीही दाबलं जात नसताना काटा उजवीकडे शून्यावर उभा असतो. दाबलं की तो डावीकडे मागे येतो. यंत्र बंद केलं की पार डावीकडे पडतो. हे बरोबर आहे. शून्यावर थांबायला त्याला प्रवाह लागतो, वीज गेली की प्रवाहही गेला.

टेबलावर काय हवं

ऑसिलोस्कोप असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि बरा मल्टीमीटर पुरतो. इंटरफेसमधून १ किलोहर्ट्झचा साइन टोन काढायचा, तो कंप्रेसरला द्यायचा आणि आउटपुटवर एसी व्होल्ट मोजायचे.

मल्टीमीटरची आधी परीक्षा घ्या. स्वस्तातले बरेच मल्टीमीटर घरातली ५० हर्ट्झची वीज मोजण्यासाठीच बनवलेले असतात, एक किलोहर्ट्झला ते कमी आकडा दाखवतात. इंटरफेसचं आउटपुट थेट मल्टीमीटरला जोडा, आधी १०० हर्ट्झचा टोन द्या, मग त्याच पातळीचा १ किलोहर्ट्झचा. आकडा तोच राहिला तर मल्टीमीटर कामाचा. घसरला तर ४०० हर्ट्झला करून पाहा. तिथे टिकत असेल तर सगळं मोजमाप ४०० लाच करा. कंप्रेसरला त्याने काही फरक पडत नाही, फक्त रिलीज हळू ठेवा.

आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याला भार हवा. मूळ यंत्र ६०० ओहमच्या भारावर चालेल असं धरून बनवलेलं आहे. ६०० ओहमचा रेझिस्टर दुकानात सहसा मिळत नाही. १.२ किलोओहमचे दोन समांतर जोडा, बरोबर ६०० होतात. पाव वॅटचे पुरेत. ते एक्सएलआर या तीन पिनांच्या ऑडिओ जोडाच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये लावा आणि व्होल्टही त्याच दोन पिनांमध्ये मोजा. १ आणि २ मध्ये मोजलंत तर आउटपुटच्या रचनेनुसार अर्धाच आकडा येऊ शकतो, म्हणजे ६ डीबीची चूक, आणि ती कुठून आली हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

मिळालं तर प्लॅस्टिकच्या टोकाचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत प्रीसेट फिरवायचा म्हणून मागितला तर कळतं. धातूचं टोक निसटून शेजारच्या डागावर टेकलं तर क्षणात एखादा ट्रान्झिस्टर जातो.

काही आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट. +४ डीबीयू म्हणजे १.२२८ व्होल्ट, स्टुडिओत व्हीयू मीटरचा, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या मीटरचा, शून्य याच पातळीला बांधलेला असतो. +५ म्हणजे १.३७८. फरकांचे गुणकही लिहा: १ डीबीला १.१२२, ३ ला १.४१, ५ ला १.७८, १० ला ३.१६, २० ला १०. हे गुणक जवळ असले की मल्टीमीटरला डीबीची पट्टी नसली तरी चालतं.

झाकण उघडं असताना

हे काम झाकण काढून, यंत्र चालू ठेवून करायचं असतं. आत एका कोपऱ्यात २३० व्होल्ट आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची टोकं, फ्यूज आणि स्विचच्या पट्ट्या श्रिंक नळीने झाकलेल्या आहेत का ते वीज लावण्याआधी पाहा. खोक्याला अर्थिंग हवंच, दोन पिनांच्या वायरवर हे काम करू नका. प्रीसेट फिरवताना एक हात खिशात ठेवायची जुन्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची सवय होती. ती फार शहाणी सवय आहे. अंगठी आणि धातूचा घड्याळाचा पट्टा काढून ठेवा.

मग वीजपुरवठा मोजा. ११७६ च्या पाटीला +३० आणि −१० व्होल्ट लागतात. इथेच एक-दोन व्होल्ट कमी असतील तर पुढचं काहीही जुळवण्यात अर्थ नाही, आधी रेग्युलेटर तपासा.

व्होल्ट ठीक असतील तर यंत्र चालू ठेवून अर्धा तास बाजूला व्हा. फेट तापमानाने सरकतो. थंड यंत्रावर जुळवलेला काटा तासाभराने अर्धा-एक डीबी हललेला दिसतो, आणि मग माणूस पुन्हा प्रीसेटकडे धावतो. झाकण उघडं असलं तर वर पंख्याचा झोत येऊ देऊ नका.

मीटर खरंच व्हीयू आहे का

मीटरच्या तबकडीवर व्हीयू छापलं म्हणून ते व्हीयू मीटर होत नाही. व्हीयूचं प्रमाण अमेरिकेत १९३९ मध्ये बेल लॅब्ज, एनबीसी आणि सीबीएस यांनी मिळून ठरवलं. खऱ्या व्हीयू मीटरच्या आत एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर असतो, बाहेर ३.६ किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत लावला आणि १.२२८ व्होल्ट दिले की काटा शून्यावर येतो, आणि तिथे पोचायला साधारण ३०० मिलिसेकंद घेतो. स्वस्त मीटरमध्ये नुसती कॉइल असते, आत रेक्टिफायर नसतो.

ओळखायचं कसं? १.५ व्होल्टचा साधा सेल आणि १० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत घेऊन मीटरला टेकवा. मग टोकं उलटी करून टेकवा. दोन्ही वेळा काटा उजवीकडेच गेला तर आत रेक्टिफायर आहे. एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे ढकलला गेला तर ती नुसती कॉइल आहे. अशी कॉइल जीआर दाखवायला जुळवून घेता येते, पण आउटपुटची पातळी दाखवायला तिला बाहेरून रेक्टिफायर आणि वेगळे रेझिस्टर लागतील. मल्टीमीटरच्या ओहम पट्टीवर मात्र मीटर तपासू नका. काही मल्टीमीटर त्या पट्टीवर इतका प्रवाह सोडतात की काटा खिळ्यावर आपटून वाकतो.

आता वीज बंद करा. मीटर ज्या स्थितीत बसवलेलं आहे त्याच स्थितीत, म्हणजे खोकं टेबलावर नेहमीसारखं ठेवून, काचेखालचा छोटा स्क्रू फिरवून काटा अगदी डाव्या खुणेवर आणा. हा यांत्रिक शून्य. खोकं पाठीवर झोपवून हे केलंत तर उभं केल्यावर काटा सरकतो. स्क्रू फिरवून झाल्यावर काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा, काटा कुठे अडकला असेल तर सुटतो.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिने मला एकदा दोन तास छळलं होतं. डिसेंबरच्या कोरड्या हवेत मीटरची प्लॅस्टिकची काच कापडाने पुसली तर तिच्यावर स्थिर वीज साठते आणि काटा काचेकडे ओढला जातो. तो भलत्याच जागी थांबतो, प्रीसेटला दाद देत नाही. काचेवर जवळून एक उच्छ्वास सोडा. दमट हवेने विद्युतभार जातो आणि काटा मोकळा होतो.

थोरल्या फेटचा बायस

आता आवाजाच्या वाटेवरचं काम. पाटीवर यासाठी बहुधा क्यू बायस नावाचा प्रीसेट असतो. फिरवण्याआधी तो आहे त्या स्थितीत मोबाइलने फोटो काढून ठेवा.

ॲटॅकचा नॉब डावीकडे पूर्ण फिरवून खटका लागेपर्यंत न्या. या खटक्याने दाबणं पूर्ण बंद होतं, यंत्र नुसता ॲम्प्लिफायर बनतं. टोन सुरू करा, इनपुट मध्यम ठेवा. बायसचा प्रीसेट सावकाश एका बाजूला फिरवत न्या आणि आउटपुटचे व्होल्ट पाहा. एका दिशेला व्होल्ट वाढत जातात आणि मग पुढे कितीही फिरवलं तरी वाढायचे थांबतात. तिथे फेट पूर्ण मिटलेला आहे, गळती शून्य. त्या जागी आउटपुटचा नॉब असा लावा की मल्टीमीटर १.३७८ व्होल्ट दाखवेल.

आता नॉबांना हात न लावता बायसचा प्रीसेट उलट दिशेने फिरवा, १.२२८ व्होल्ट येईपर्यंत. बरोबर एक डीबी खाली. बायस जुळला.

एकच डीबी का, हे समजून घेतलं तर पुढे कधी कागद हाताशी नसला तरी अडणार नाही. फेट घट्ट मिटलेला असेल तर त्याला उघडायलाच आधी बराच इशारा खर्च होतो. कंप्रेसर उशिरा जागा होतो आणि मग एकदम झडप घालतो. उलट फेट आधीच बराच उघडा असेल तर आवाज विनाकारण गळतो, खरखर वाढते आणि सूर किंचित फाटतो. एक डीबीच्या गळतीवर फेट नेमका उंबरठ्यावर उभा असतो, इशारा आला की लगेच हलायला तयार. ११७६ चा जो चपळ स्वभाव लोकांना आवडतो तो या उंबरठ्यामुळे आहे. म्हणून या पायरीला घाई करू नका. अर्धा डीबीही इकडेतिकडे सोडू नका, आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

काही जण बायस कानाने लावतात, थोडा जास्त उघडा ठेवून फाटका सूर मुद्दाम घेतात. पहिल्याच यंत्रावर मी ते सुचवणार नाही. आधी यंत्र मुळात कसं वाजतं ते कानात बसू द्या.

+४ ची खूण

मीटरचा स्विच +४ वर न्या. ॲटॅक अजून बंदच. आउटपुटला १.२२८ व्होल्ट असताना काटा शून्यावर हवा. स्विच +८ वर नेला की तेवढ्याच पातळीला काटा उणे चारवर येईल, आणि शून्यावर यायला १.९५ व्होल्ट लागतील. खरं व्हीयू मीटर आणि ३.६ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर इथे काही जुळवायची गरजच पडत नाही. अर्धा डीबी फरक असला तर मी सोडून देतो. जास्त असला तर मालिकेतला रेझिस्टर मोजून पाहा. ३.६ च्या जागी ३६ किलोओहमचा लागलेला असणं ही चूक मी दोन वेगवेगळ्या माणसांच्या पाट्यांवर पाहिली आहे. रंगपट्ट्यांत फरक फक्त एका पट्टीचा असतो, रात्रीच्या दिव्यात लाल आणि नारिंगी ओळखू येत नाहीत.

शून्य आणि दहा

आता जीआर. इथे दोन प्रीसेट लागतात: एक शून्याचा, बहुधा समोरच्या पट्टीवर छोट्या भोकातून फिरवता येणारा, आणि दुसरा पाटीवरचा ट्रॅकिंगचा. पहिला काटा कुठून निघतो ते ठरवतो, दुसरा तो किती लांब जातो ते. एक फिरवला की दुसरा थोडा बिघडतो, त्यामुळे फेऱ्या माराव्या लागतात. पहिल्या फेरीत जमलं नाही म्हणून पाटी सदोष आहे असं समजू नका.

पायऱ्या अशा:

१. रेशोचं, म्हणजे किती जोरात दाबायचं ते ठरवणारं, २० चं बटण दाबा. रिलीज हळू ठेवा. लक्षात असू द्या, ११७६ वर ॲटॅक आणि रिलीज दोन्हींचे आकडे उलटे चालतात: ७ सर्वांत जलद, १ सर्वांत हळू. रिलीज फार जलद असला तर स्थिर टोनवरही फेट प्रत्येक लाटेबरोबर थरथरतो आणि मोजमाप डळमळतं.

२. मीटर जीआरवर, ॲटॅक खटक्यावर बंद. समोरच्या प्रीसेटने काटा शून्यावर आणा.

३. टोन सुरू करा, ॲटॅक चालू करून मधोमध ठेवा आणि इनपुट हळूहळू वाढवा. ज्या पातळीच्या वर आवाज दाबला जातो त्या थ्रेशोल्डचा वेगळा नॉब या यंत्राला नाही, इनपुट वाढवलं की आवाज थ्रेशोल्डवर चढतो. काटा मागे यायला लागेल. तो काय म्हणतो त्याकडे आत्ता लक्ष देऊ नका.

४. खरी घट मल्टीमीटरने मोजा. ॲटॅक बंद करून व्होल्ट लिहा, चालू करून व्होल्ट लिहा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर ३.१६ आलं तर घट बरोबर १० डीबी. कमी आलं तर इनपुट थोडं वाढवा, जास्त आलं तर कमी करा. आउटपुटचा नॉब असा ठेवा की ॲटॅक बंद असताना १.२२८ व्होल्ट यावेत. मग चालू केल्यावर ०.३८८ दिसायला हवेत. इनपुट बदललं की हा आउटपुटही पुन्हा लावावा लागतो, तेवढी मेहनत घ्या.

५. खरी १० डीबीची घट हाती आली की ॲटॅक चालू ठेवून ट्रॅकिंगचा प्रीसेट फिरवा, काटा उणे १० वर येईपर्यंत.

६. ॲटॅक बंद करा. काटा शून्यापासून थोडा हललेला असेल. समोरच्या प्रीसेटने परत शून्यावर आणा. ॲटॅक चालू करा, १० पाहा, ट्रॅकिंग फिरवा. पुन्हा बंद, पुन्हा शून्य.

तीन-चार फेऱ्यांत फिरवायचं अंतर कमी कमी होत जातं आणि एका क्षणी ॲटॅकचा नॉब बंद-चालू केला की काटा शून्यावरून दहावर आणि दहावरून शून्यावर जातो, मध्ये प्रीसेट लागत नाही. तो क्षण मला अजूनही फार आवडतो. तंबोऱ्याची तार जुळली की कसं वाटतं, तसं.

शेवटी टोन बंद करा आणि ॲटॅकचा नॉब दोन-तीनदा बंद-चालू करा. आवाजच नसताना काटा हलायला नको. हलत असेल तर दाबणाऱ्या भागातून काहीतरी झिरपतंय, बहुधा खोक्यातली ५० हर्ट्झची गुणगुण. इनपुटची वायर ट्रान्सफॉर्मरपासून लांब नेऊन पाहा.

मधले आकडे

शून्य आणि दहा जुळले म्हणजे मधलं सगळं जुळलंच असं नाही. चौथ्या पायरीची रीत वापरून ३, ५ आणि १५ ला मोजा. भागाकार १.४१ आला की काटा उणे ३ च्या आसपास, १.७८ ला उणे ५ च्या आसपास हवा. १५ चा गुणक ५.६२, पण उणे १० च्या पलीकडे तबकडीवर खुणा इतक्या दाट होतात की तिथे अचूकता शोधू नका. काट्याच्या चालीत १० डीबीची घट म्हणजे शून्याच्या जागेच्या जेमतेम ३२ टक्के, आणि २० डीबीला १० टक्के. तिथे केसाच्या जाडीइतक्या फरकात दोन डीबी जातात.

पाचला अर्ध्या डीबीचा फरक येत असेल तर मी यंत्र उत्तम समजतो. एक डीबीपर्यंत चालतं. दीड-दोन येत असेल तर दोन फेट जुळे नाहीत. ते तपासायची साधी रीत आहे: फेटला ड्रेन, गेट आणि सोर्स असे तीन पाय असतात; ड्रेनला ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक, गेट ऋण टोकाला, आणि सोर्समधून १० किलोओहमचा रेझिस्टर ऋण टोकाला. सोर्सवरचे व्होल्ट मोजा. दहा-वीस फेट असे मोजून ज्या दोघांचे आकडे काही मिलिव्होल्टांच्या आत येतात ती जोडी निवडा. बोटांची ऊबही आकडा हलवते, म्हणून फेट खोचल्यावर मिनिटभर हात लावू नका. ब्रेडबोर्डवर सगळे एकाच बैठकीत मोजा, सकाळचा आकडा आणि दुपारचा आकडा एकमेकांशी ताडून पाहू नका. या पाट्यांमध्ये नेहमी लागणारा २एन५४५७ आता सहज मिळत नाही आणि नक्कल सरसकट विकली जाते, म्हणून ओळखीच्या दुकानातून थोडे जास्तच घ्या.

जोडी बदलणं शक्य नसेल तर दहाऐवजी तुम्ही जिथे काम करता तिथे मीटर जुळवा. गायनासाठी मी तीन ते सहा डीबीच्या पुढे सहसा जात नाही. अशा माणसाने पाचला अचूक आणि दहाला किंचित चुकीचा काटा ठेवावा. कागद दहाच सांगत असला तरी तुमचं यंत्र तुमच्या कामासाठी आहे.

सगळी रेशोची बटणं एकदम दाबली की काटा विचित्र वागतो, कधी एका टोकाला जाऊन आपटतो. ती या रचनेची सवय आहे, त्यासाठी पुन्हा काहीही जुळवू नका.

ढोलकी वाजली की

जुळवलेल्या मीटरवर पहिल्यांदा ढोलकी लावाल तेव्हा शंका येईल. कान सांगतोय की थाप चांगलीच दाबली जातेय, काटा दोन-तीनच्या पुढे येत नाही. प्रीसेट पुन्हा फिरवावासा वाटेल.

काटा बरोबर आहे. फेट २० मायक्रोसेकंदांत उघडू शकतो, काट्याला जागेवर पोचायला ३०० मिलिसेकंद लागतात. थापेचा आघात त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो. काटा निघेपर्यंत फेट परत फिरलेला असतो. त्यामुळे ढोलकी, तबला, हलगी यांवर खरी घट काट्यापेक्षा बरीच जास्त असते आणि लांबलेल्या सुरावर, सनईवर किंवा आलापावर काटा जवळपास खरं सांगतो. वेगळेपण बघायचं असेल तर रिलीज हळू करा. फेट सावकाश मिटायला लागला की काट्याला त्याला गाठायला वेळ मिळतो आणि त्याच थापेला तो पार सहा-सातपर्यंत येताना दिसतो. तालवाद्य मुद्रित करताना मी आधी रिलीज हळू ठेवून काटा पाहतो, किती दाबलं जातंय याचा अंदाज घेतो, मग रिलीज हवा तिथे नेतो आणि पुढे कानावर जातो.

झाकण लावण्याआधी

एका चिठ्ठीवर तारीख, त्या दिवशीचे वीजपुरवठ्याचे व्होल्ट, बायसच्या वेळचे दोन आकडे आणि ३, ५, १० ला काट्याने काय दाखवलं ते लिहा आणि चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवा. स्टिरिओसाठी दोन यंत्रं बांधली असतील तर दोन्हींवर अंक घाला आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच मल्टीमीटरने जुळवा. नवे भाग पहिल्या महिन्यात थोडे सरकतात, म्हणून महिन्याभराने यंत्र अर्धा तास गरम करून दहाचा आकडा एकदा पुन्हा तपासा.

तोवर प्रीसेटवर काही लावू नका. त्या तपासणीत सगळं जागेवर राहिलं की प्रत्येक प्रीसेटच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब टाका, वाळू द्या, आणि मग झाकणाचे चारही स्क्रू लावा, अर्थिंगच्या वायरीचा वॉशर विसरू नका.